ज्या रकान्यात तुती नाही : जैविक फवारणी आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कृषी विभागाचे अधिकारी, साखर कारखान्यांचे ऊसविकास विभाग, शेतकरी गट आणि ड्रोन फवारणीची कामे घेणारे सर्वजण,
सातारा व सांगली जिल्हा

सप्रेम नमस्कार.

या हंगामात येरळा नदीच्या दोन्ही काठांवर, खटावपासून खाली कडेगाव, पलूस, तासगावपर्यंत, गटागटाने ड्रोनने जैविक कीडनाशके फवारायचे ठरले आहे. उसावर, सोयाबीनवर, मक्यावर बिव्हेरिया आणि मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशी, आणि बीटी हा कीड मारणारा जिवाणू. गावोगाव याद्या लागल्या आहेत. त्यांत गट नंबर आहेत, तारखा आहेत, एकरी मात्रा आहे. शेजारच्या कोणत्या गटात तुती आहे, हा रकाना मात्र एकाही यादीत नाही. त्या एका रकान्यासाठी हे पत्र लिहीत आहोत.

आम्ही तुती लावून रेशीम कोष काढणारे शेतकरी आणि त्यांना दुसऱ्या मोल्टपर्यंत, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकेपर्यंत, वाढवलेल्या अळ्या पुरवणारे चॉकी केंद्रचालक आहोत. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ऊसही आहे. हुमणीने मुळ्या खाल्लेले बेट हाताने ओढले की कसे अलगद वर येते, हे आम्हाला सांगावे लागत नाही. त्यामुळे जैविक कीड नियंत्रणाला आमचा विरोध नाही. रासायनिक फवारा जितका कमी होईल तितके आमचेही भले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की यादीतली तिन्ही औषधे अळी मारण्यासाठी आहेत, आणि रेशीम अळी ही अळीच आहे.

त्यातल्या एकाची गोष्ट तर रेशमापासूनच सुरू होते. इटलीतल्या लोदी गावच्या अगोस्तिनो बॅसी यांनी १८३५ साली दाखवून दिले, की रेशीम अळ्या पांढऱ्या पडून खडूसारख्या कडक होतात तो रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो आणि तो एका अळीकडून दुसरीकडे जातो. जंतूमुळे प्राण्याला रोग होतो हे प्रयोगाने सिद्ध झाल्याचे ते पहिल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. त्या बुरशीच्या नावात पुढे बॅसींचेच नाव आले. आज कृषी सेवा केंद्रात एक किलोच्या पुड्यात मिळते ती हीच, बिव्हेरिया बॅसियाना. हुमणीवर, पिठ्या ढेकणावर, लष्करी अळीवर जे औषध आहे, तोच आमच्या शेडमधला मस्कार्डिन रोग आहे. बीटीचेही तसेच. हा जिवाणू १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना सापडला तो मेलेल्या रेशीम अळ्यांतच. हा इतिहास फवारणीच्या प्रशिक्षणात कुणी सांगत नाही, आणि न सांगण्याचा परिणाम आमच्या रॅकवर दिसतो.

कीटक आणि त्याच्या अंगातले सूक्ष्मजीव यांचे नाते एकाच प्रकारचे नसते. सूक्ष्मजीव कोणत्या वाटेने आत शिरतो, हे पाहिल्याशिवाय कोणतेही औषध कुठे चालेल आणि कुठे घात करेल ते कळत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माव्यापासून सुरुवात करू. मावा पिकाचा रस शोषतो. त्या रसात साखर भरपूर, पण अंग बांधायला लागणारी काही अमिनो आम्ले जवळजवळ नसतात. माव्याच्या बहुतेक जातींत ती बुखनेरा नावाचे जिवाणू तयार करून देतात. हे जिवाणू माव्याच्या अंगातल्या खास पेशींत राहतात, बाहेर कुठे जगू शकत नाहीत आणि आईकडून पिल्लाकडे वारशाने जातात. पिठ्या ढेकणाच्या काही जातींत तर एका जिवाणूच्या पेशीच्या आत दुसरा जिवाणू नांदतो, आणि एक अमिनो आम्ल बनवायचे काम हे दोघे आणि ढेकूण असे तिघे मिळून करतात.

रेशीम अळीला असा जन्माचा सोबती नाही. तिच्या आतड्यातले जिवाणू पाल्याबरोबर येतात आणि जातात. तिचे संरक्षण वेगळे आहे : आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी, सामू नऊ-दहाच्या घरातला. पाला ताजा आणि स्वच्छ असेल तोवर बहुतेक जिवाणू त्या रसात वाढू शकत नाहीत. पाला ओला, तापलेला, आंबलेला असला की अल्कता उतरते, जिवाणू माजतात आणि अळ्या मऊ पडून फ्लॅचेरीने मरतात. आईकडून पिल्लाकडे जाणारा एक जीव मात्र तिच्यातही आहे, आणि तो घातक आहे. पेब्रिन या रोगाचा सूक्ष्मजीव, नोसेमा. तो मादी पतंगाच्या अंडाशयातून अंड्यात उतरतो. म्हणून पाश्चर यांनी १८६५ पासून पाच वर्षे खपून बसवलेली पद्धत आजही पाळतात : मादीने अंडी घातली की तिला कुटायचे, त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि चकचकीत लंबगोल बीजाणू दिसले तर तिची अंडी नष्ट करायची. 'रोगमुक्त अंडीपुंज' हा शब्द त्यातूनच आला; अंडीपुंज म्हणजे एका मादीची अंडी. अंड्याबाबत सरकारी यंत्रणा इतकी काटेकोर आहे. ती काळजी अंड्यापाशीच थांबते. ज्या पाल्यावर ती अळी वाढणार, त्यावर संध्याकाळी काय येऊन पडते, हे पाहायला कुणी नाही.

आता बिव्हेरिया. बीटी किंवा विषाणू खाल्ल्याशिवाय बाधत नाहीत. या बुरशीला अळीच्या तोंडाची गरज नाही, ती कातडीतून शिरते. बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा, गोल, डोळ्याला न दिसणारा. तो अळीच्या अंगाला चिकटतो. हवेत ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता आणि पंचवीस अंशांच्या आसपास तापमान मिळाले, की काही तासांत रुजतो, कातडी विरघळवणारी विकरे सोडतो आणि आत घुसतो. आत गेल्यावर रक्तात वाढतो, विष सोडतो, पाणी शोषून घेतो. पहिले दोन दिवस बाहेरून काही कळत नाही. अळ्या खात असतात, बेड नेहमीसारखाच खसखसत असतो. मग अंगावर तेलकट ठिपके दिसतात, खाणे मंदावते, अळी सुस्त होते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मरते. मेल्यावर आधी मऊ, मग ताठ, आणि एक-दोन दिवसांत अंगावर पांढरी भुकटी. चिमटीत धरली तर काडीसारखी मोडते. ती भुकटी म्हणजे पुढचे कोट्यवधी बीजाणू. पंखा लावला, झाडू मारला, फांदी हलवली की साऱ्या शेडभर.

पाचव्या, म्हणजे कोष विणण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेच्या सुरुवातीला लागण झाली, तर पाला खाऊन संपल्यावर, नेमक्या चंद्रिकेवर (कोष विणायच्या जाळीवर) चढायच्या आधी अळ्या मरतात. अळी आयुष्यात खाते त्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला याच सात-आठ दिवसांत जातो, म्हणजे खर्च आणि कष्ट पूर्ण झालेले असतात. उशिरा लागण झाली तर अळी कोष विणते आणि आत मरते. असा कोष हलका लागतो. कानाशी धरून हलवला तर आत सुकलेला किडा खुळखुळतो. बाजारात व्यापारी मूठभर कोष उचलून हेच करतो, आणि खुळखुळ ऐकू आली की सगळ्या मालाचा भाव उतरवतो.

आता यादीतल्या मात्रेचा हिशोब करू. बिव्हेरियाच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटी जिवंत बीजाणू असावेत, असे पुड्यावर लिहिलेले असते. एकरी एक किलो म्हणजे दहा हजार कोटी. एकरात चार हजारांवर चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे अडीच कोटी आणि चौरस सेंटिमीटरला अडीच हजार. यातला फक्त एक टक्का वाऱ्याने बांधापलीकडे गेला, तरी चौरस सेंटिमीटरला पंचवीस. व्ही-१ जातीच्या तुतीचे वरचे एक पान दीडशे चौरस सेंटिमीटर धरले, तर त्या एका पानावर साडेतीन हजारांहून जास्त बीजाणू. आणि दोनशे अंडीपुंजांच्या बॅचमध्ये ऐंशी हजार ते एक लाख अळ्या अशीच पाने खात त्यांच्यावर लोळत असतात.

हातपंपाने फवारताना एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जाते, थेंब जड असतो, नोझल पिकाजवळ असते. ड्रोन तेच औषध दहा लिटरमध्ये फवारतो. थेंब बारीक आणि दाट, ड्रोन पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर. जूननंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून. म्हणजे उसाच्या पूर्वेला असलेल्या तुतीला तो थेट मिळतो. त्यात जैविक औषधाची शिफारसच संध्याकाळी फवारायची आहे, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी बीजाणू मरतात आणि रात्रीच्या ओलाव्यात रुजतात. शिफारस बरोबर आहे. पण संध्याकाळी पाचला पडलेला फवारा रात्रभर दवात राहतो, आणि सकाळी सहाला आम्ही त्याच फांद्या कापून शेडमध्ये नेतो. ऊन लागायच्या आत.

चॉकी केंद्राचा धोका याहून मोठा. लहान अळ्यांना २७-२८ अंश तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. बुरशीलाही जवळपास तेच हवे. केंद्राच्या एका बागेवर फवारा आला, तर लागण झालेल्या अळ्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांच्या शेडमध्ये एकाच दिवशी पोहोचतात, आणि रोग दिसतो तो त्यांच्याकडे गेल्यावर.

आमच्या तक्रारी आता एकेक करून मांडतो.

पहिली आणि मुख्य : 'हे जैविक आहे, याने काही होत नाही' हे उत्तर. प्रशिक्षणात तेच, शिवारफेरीत तेच, विचारायला गेलो तरी तेच. माणसाला, गुराला, गांडुळाला होत नसेल. पुड्यावर काढणीपूर्व प्रतीक्षा काळ शून्य दिवस असतो, तो माणसाच्या ताटातल्या अन्नासाठी. अळीच्या ताटासाठी तो शून्य नाही. रासायनिक फवारा पडला तर पाला किती दिवस तोडायचा नाही हे आम्ही विचारतो आणि कुणीतरी सांगतेही. जैविकाबाबत तो प्रश्न विचारायचा असतो हेच कुणी मानत नाही.

दुसरी, मरतुक झाल्यावर मिळणारा सल्ला. 'पाला धुऊन घाला' असे सांगितले जाते. ओला पाला बेडवर गेला की बेड तापतो, आर्द्रता चढते, फ्लॅचेरी येते आणि उरलेल्या बीजाणूंना रुजायला हवे ते मिळते. शिवाय हे बीजाणू मेणचट असतात, नुसत्या पाण्याने सुटत नाहीत. एका रोगावरचा उपाय म्हणून दुसरा रोग शेडमध्ये आणण्यासारखे हे आहे.

तिसरी, दोष आमच्या शेडवर टाकून मोकळे होणे. इथे आम्ही प्रामाणिकपणे बोलतो. बिव्हेरिया मातीत मुळातच असतो. पावसाळ्यात आणि थंडीत, खिडक्या बंद ठेवल्या, बेड दाट ठेवला, मेलेल्या अळ्या वेळेवर उचलल्या नाहीत, तर फवारणी नसतानाही मस्कार्डिन येतो. आमच्यातही हयगय करणारे आहेत. म्हणून प्रत्येक बॅच फवारणीनेच गेली असा दावा आम्ही करत नाही. पण तपासणीच न करता 'तुमचेच निर्जंतुकीकरण कच्चे' असे ठरवणेही चूकच. आम्ही बॅचच्या आधी दोन टक्के ब्लीचिंग पावडर चुन्याच्या निवळीत घालून भिंती, छत, रॅक धुतो. मोल्टला बसल्यावर चुना धुरळतो, मोल्ट उठल्यावर बेड निर्जंतुक करणारी पावडर मारतो, दारात चुन्याचा ट्रे ठेवतो. ही सारी शिस्त दारातून आणि हातातून येणारा रोग अडवते. पाल्यावर बसून रोज चार वेळा आत येणारा बीजाणू तिने अडत नाही.

चौथी, टाकीतली मिसळ. एकाच ड्रोनच्या टाकीत सकाळी तणनाशक, दुपारी रासायनिक कीडनाशक आणि संध्याकाळी बिव्हेरिया. मध्ये टाकी तिहेरी धुतली जात नाही. यात तुमचेही नुकसान आहे, कारण टाकीत बुरशीनाशकाचा अंश राहिला तर बिव्हेरिया मरतो आणि तुम्ही मेलेली भुकटी फवारता. कडक उन्हात पत्र्याच्या गोदामात दोन महिने पडलेल्या पुड्यांचेही तेच.

बीटीचे थोडक्यात. त्याच्या स्फटिकातले प्रथिन अल्कधर्मी आतड्यात विरघळून विष होते. माणसाचे पोट आम्लधर्मी, म्हणून आपल्याला बाधत नाही. रेशीम अळीचे आतडे नेमके विरघळवणारे. बीटी पडलेला पाला खाल्ला की काही तासांत अळीचे खाणे थांबते आणि एक-दोन दिवसांत ती जाते. सोयाबीनच्या बांधाला लागून तुती असेल तर हे लक्षात घ्यायलाच हवे.

या भागाला हा विषय नवीन नाही. २००२ च्या पावसाळ्यात उसावरचा लोकरी मावा महाराष्ट्रात पहिल्यांदा सांगली जिल्ह्यातच मोठ्या प्रमाणावर आढळला. तेव्हा फवाऱ्यांनी तो आटोक्यात येईना. उंच वाढलेल्या उसात शिरताच येत नव्हते. मग डिफा आणि मायक्रोमस हे माव्यावर जगणारे कीटक एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन सोडले, आणि त्यासाठी शेतकऱ्यांना आधी डिफाची अळी ओळखायला शिकवले. कोणता जीव कुणाला खातो हे पाहून केलेले ते काम होते, आणि ते टिकले. डिफा ही पतंगाचीच अळी आहे, हेही या निमित्ताने सांगतो. बीटी किंवा बिव्हेरिया तिला वगळून मारेल असे धरून चालू नये. म्हणजे सरसकट हवाई फवारणीचा प्रश्न एकट्या तुतीवाल्यांचा नाही.

पर्याय आहेत, आणि तेही जैविकच आहेत.

हुमणीसाठी मेटारायझियम पानावर फवारायची गरजच नाही. हुमणी मुळाशी असते. हेक्टरी २० किलो मेटारायझियम चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, वाफसा असताना सरीत देऊन मातीआड करा. बुरशी मातीत राहते, उन्हापासून वाचते, हवेत उडत नाही. सूत्रकृमीही आहेत. हेटेरोऱ्हाब्डिटिस नावाच्या सूत्रकृमीच्या पोटात फोटोऱ्हाब्डस जिवाणू असतो. सूत्रकृमी हुमणीच्या अंगात शिरते, जिवाणू सोडते, जिवाणू एक-दोन दिवसांत हुमणी मारतो आणि मग दोघे तिच्यावर वाढतात. अशी मेलेली हुमणी विटकरी लाल दिसते, कुजून काळी पडत नाही. ओळखायला ही खूण पुरेशी आहे. आळवणी मुळाशी होते, त्यामुळे तुतीच्या पानाशी संबंध येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी भुंगेरे. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर ते येतात. फांद्या हलवून खाली पाडायचे, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. सगळ्या गावाने एकाच आठवड्यात केले तर पुढच्या वर्षभराचे काम हलके होते, कारण हुमणीची पिढी वर्षाला एकच असते.

सोयाबीनवरची तंबाखूची पाने खाणारी अळी आणि हरभऱ्यावरची घाटे अळी, यांच्यासाठी त्यांचे स्वतःचे विषाणू आहेत, एसएल-एनपीव्ही आणि एचए-एनपीव्ही. रेशीम अळीच्या ग्रासेरी रोगाचा विषाणू याच कुळातला असला तरी तो वेगळा. सोयाबीनच्या अळीचा विषाणू सोयाबीनच्याच अळीला मारतो. हेक्टरी २५० एलई (विषाणूची मात्रा मोजायचे एकक), संध्याकाळी, उन्हापासून बचावासाठी थोडी नीळ घालून. उसाच्या खोडकिडीला ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक माशीची कार्डे, आहेत. ते अंड्यांवर काम करतात आणि आमची अंडी शेतात कधी नसतातच. तुतीशेजारच्या पट्ट्यात हे वापरले तर तुमचे उद्दिष्टही पूर्ण होते आणि आमच्या शेडलाही धक्का लागत नाही.

आता मागण्या.

१. यादीत तुतीचा रकाना घाला. रोजगार हमीतून झालेल्या तुती लागवडीचे गट नंबर सरकारी दप्तरात आहेतच. खासगी लागवडीचे आम्ही आठ दिवसांत गावनिहाय देतो. तुती असलेल्या गटापासून ५०० मीटरच्या आत बिव्हेरिया, मेटारायझियम, नोमुरिया (तशीच आणखी एक बुरशी) आणि बीटी यांची ड्रोनने फवारणी करू नये. चॉकी केंद्राच्या बागेभोवती हे अंतर एक किलोमीटर ठेवावे. त्या पट्ट्यात वर लिहिलेले पर्याय द्यावेत आणि त्यांचे अनुदानही तेवढेच असावे.

२. जिथे फवारणी टाळताच येत नाही, तिथे तारीख आमच्या बॅचशी जुळवा. हे अवघड नाही. चॉकीचे वाटप ठरल्या तारखेला होते, त्यानंतर साधारण अठरा ते वीस दिवस पाला लागतो. बॅच संपली की तुती खालून छाटतो. छाटणीनंतरचे पहिले पंधरा दिवस बागेत धरण्यासारखा पाला नसतो, आणि आला तरी कापणीपर्यंत त्याला महिनाभर ऊन लागलेले असते. त्या पंधरा दिवसांत फवारा. कृषी आणि रेशीम या दोन्ही खात्यांच्या तालुका पातळीवरच्या लोकांनी महिन्यातून एकदा बसून फवारणीची आणि चॉकी वाटपाची अशा दोन याद्या शेजारी ठेवल्या तरी हे जमते.

३. ४८ तास आधी सूचना. गावच्या फलकावर आणि तुती उत्पादकांच्या फोनवर, औषधाच्या नावासह. सूचना मिळाली तर आम्ही आदल्या दिवशी पाला कापून ओल्या गोणपाटाखाली, अंधाऱ्या थंड खोलीत एक दिवसाचा साठा करू शकतो. त्याहून जास्त साठवता येत नाही, पाला सुकतो.

४. फवारणीच्या वेळी बांधावर पाण्याने निळा पडणारा पिवळा कागद लावा. फवारा बांधापलीकडे गेला की नाही यावर वाद घालायची गरज उरणार नाही, कागदावरचे निळे ठिपके मोजता येतील. दर पन्नास फुटांवर एक, तुतीच्या पानाच्या उंचीवर. कागद स्वस्त आहे. खर्च जड वाटत असेल तर आम्ही देऊ. वारा ताशी दहा किलोमीटरच्या वर असेल तर त्या दिवशी ड्रोन उडवू नये.

५. मरतुक झाली तर ४८ तासांत पंचनामा आणि नमुना. नमुना कसा घ्यायचा तेही लिहितो, कारण इथेच घोळ होतो. मेलेल्या वीस अळ्या वेगवेगळ्या बेडमधून घ्याव्यात, कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नाही. प्लॅस्टिकला घाम सुटतो, अळ्या कुजतात आणि प्रयोगशाळा 'जिवाणूजन्य' म्हणून मोकळी होते. यातल्या पाच अळ्या ओल्या कापसावर झाकणाच्या डबीत ठेवल्या तर एक-दोन दिवसांत पांढरी बुरशी वर येते. एवढे शेडवरच पाहता येते. ती बुरशी मातीतली की पुड्यातली, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. त्यासाठी फवारलेल्या पुड्यातला नमुनाही त्याच दिवशी सील करून ठेवावा आणि दोन्हींची जनुकीय तुलना कृषी विद्यापीठाकडून करून घ्यावी. निकाल आमच्या विरुद्ध गेला तर तोही जाहीर करावा.

६. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आणि पुड्यांवर ठळक मराठीत एक ओळ : 'रेशीम अळीला घातक. तुतीच्या बागेजवळ वापरू नये.'

आमच्याकडून काय होईल तेही सांगतो. बॅच घेण्याआधी बागेच्या चारही कडांचा पाला तोडून पन्नास अळ्यांना वेगळ्या ट्रेमध्ये पाच दिवस घालायचा आणि मरतूक नोंदवायची, हे आम्ही या बॅचपासून सुरू करत आहोत. ती नोंदवही कुणालाही पाहता येईल. मेलेल्या अळ्या उकिरड्यावर न टाकता चुन्यासह खड्ड्यात पुरण्याचा नियम आमच्यातल्या प्रत्येकाने मान्य केला आहे. ज्या बांधावर उंच सजीव कुंपण नाही, तिथे पश्चिमेच्या बाजूला शेवरीच्या दोन दाट ओळी लावतो आहोत. त्या वाढायला सहा-आठ महिने जातील. तोवर अंतर पाळणे हाच उपाय आहे.

पुढच्या बॅचच्या चॉकीचे वाटप येत्या पंधरवड्यात आहे. त्याआधी सुधारित यादी लागावी आणि दोन्ही खात्यांची एक बैठक आमच्या दोन-चार प्रतिनिधींसह व्हावी. ठिकाण आणि वेळ तुम्ही ठरवा. गट नंबरांची यादी घेऊन आम्ही येतो.

आपले,
येरळाकाठचे तुती उत्पादक शेतकरी आणि चॉकी केंद्रचालक